मामंजींचे चालणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात जे केलेत तेच सांगा." म्हणून चार शब्द सांगते.

माझ्या मामंजींना कंपवात असल्याचे २०१९ साली कळले. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव पडले. मेंदूतल्या काही पेशी झिजतात, डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते आणि हालचाल मंदावते. आम्हांला वाटे, हात कापतो एवढेच. पण खरा घात पायांनी केला. पावले आखूड पडू लागली आणि उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे होत.

२०२२ च्या श्रावणात घरी पाने मांडली होती. मामंजी देवघराच्या दारात अडले. मला घाई. "चला ना मामंजी," म्हणत मी त्यांचा हात ओढला. अंग पुढे आले, पाय तेथेच राहिले. ते पडले व मनगटाचे हाड मोडले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. उलट सगळ्यांना म्हणाले, "माझाच तोल गेला." ते मला आजही टोचते.

हात बरा झाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. पहिला धडा त्यांनी मलाच दिला: ओढायचे नाही. पाय अडला की थांबावे, ताठ उभे राहावे, भार एकदा डाव्या व एकदा उजव्या पायावर घ्यावा, मग मोठे पाऊल टाकावे. दाराशी आम्ही हात-हात अंतरावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. नवल असे की, सपाट जमिनीवर अडणारा माणूस रेघ दिसली की ती ओलांडून जातो! तालाचेही तसेच. मामंजी पूर्वी वारीला जात. 'ग्यानबा-तुकाराम' म्हटले की त्यांची पावले ठेक्यावर पडत.

औषधाचा गुण अंगात असेल त्या वेळी रोज व्यायाम चाले. चालताना टाच आधी टेकवायची. ओट्याला धरून आडवी पावले टाकायची. खुर्चीतून उठताना पुढे सरकून, पाय मागे घेऊन, वाकून उठायचे. जागच्या जागी गिरकी न घेता वळसा घालून वळायचे. आणि एका वेळी एकच काम: चालताना बोलणे नाही, हातात पेला नाही.

घरातली सैल पायपुसणी काढली, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवला, रात्री मंद दिवा ठेवला. अंथरुणातून उठताना ते आधी थोडा वेळ बसतात, कारण एकदम उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते.

दुखणे बरे झाले असे नव्हे. मध्ये ते पुन्हा एकदा पडलेही. पण गेल्या दिवाळीत ते आपल्या पायांनी देवघराकडे निघाले. मी हात न लावता मागे, किंचित बाजूला उभी होते. उंबरठ्याशी थांबून ते हसले, "सूनबाई, घाई नाही ना?" मी म्हटले, "नाही मामंजी, मुळीच नाही."

भगिनींनो, प्रत्येकाचा तोल वेगळा, म्हणून व्यायाम जाणत्याकडूनच शिकून घ्यावा. पण न ओढणे व वाट पाहणे आपल्या हातात आहे. आणि मंडळाला एक विनंती: आपल्या पायऱ्यांना कठडा नाही. यंदाच्या शिलकीतून तेवढा करावा, म्हणजे पुढल्या वर्धापनदिनी घरची वडीलधारी माणसेही येथे येतील.