वाघाची गणती, बाळाचे वजन



या सभागृहात आज वनरक्षक, वनाधिकारी आणि वन्यजीव अभ्यासक बसले आहेत, तसेच अंगणवाडी सेविका, बालरोगतज्ज्ञ आणि पोषणाच्या कामातले कार्यकर्तेही आहेत. एरवी तुमच्या परिषदा वेगवेगळ्या भरतात. अध्यक्ष म्हणून मला जे मांडायचे आहे ते या वेगळेपणाविषयीच आहे. १ एप्रिल १९७३ रोजी देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. अडीच वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन योजना पुढे मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, त्याच कोरकू आदिवासींच्या गावांत जाऊन पोचल्या, पण एकीची वही दुसरीने कधी उघडून पाहिली नाही. कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. दंडाला गुंडाळलेली पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, लाल रंगावर आली की मूल तीव्र कुपोषित ठरते. देशातले वाघ २००६ मध्ये १,४११ होते, ते २०२२ च्या गणनेत ३,६८२ झाले. त्याच गणनेत महाराष्ट्रात ४४४ होते. हे यश मोठे आहे आणि ते कष्टाने मिळवलेले आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी निघाली, देशाच्या १९.३ टक्के सरासरीहून अधिक. मेळघाटातले बालमृत्यू देशासमोर आले त्याला, १९९३ पासून मोजले तर, तीन दशके उलटली. ही दोन निरनिराळी संकटे आहेत असे मी मानत नाही. जंगल हे मेळघाटातल्या लोकांचे कोठार होते. त्या कोठाराला कुलूप लागले, पण बदल्यात काय द्यायचे याचा हिशेब कोणी मांडला नाही, हे तिथल्या भुकेचे एक मोठे मूळ आहे.

भुकेला महिने असतात. जूनमध्ये घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक दिवाळीच्या तोंडावर हाती येणार असते. मजुरीसाठी बाहेर गेलेले कुटुंब पेरणीला परतते, आई दिवसभर शेतात राबते आणि तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. त्यातच जुलाब, न्यूमोनिया आणि हिवताप येतात. हे महिने पूर्वी जंगल निभावून नेत असे. कंद, रानभाज्या, नाल्यातले मासे-खेकडे आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला मोह त्या दिवसांत कामी यायचा. मोहाचे तर जवळून पाहण्यासारखे आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली रात्रभर गळलेल्या फिकट पिवळ्या, मांसल फुलांचा सडा असतो, बायका टोपल्या घेऊन वेचत असतात, आणि फूल नजरेला पडावे म्हणून खालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी केलेली असते. वनरक्षकाला त्या काळ्या जमिनीत वणव्याची ठिणगी दिसते आणि वेचणारीला पावसाळ्याची बेगमी दिसते. दोघांचेही खरे आहे. झाडाखाली जाळी बांधली तर पाचोळा जाळावा लागत नाही आणि फूलही माती न लागता मिळते. उपाय एवढा साधा आहे, पण तो सुचायला दोघांनी एका झाडाखाली उभे राहावे लागते.

हे कुलूप वाघाने लावलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजांनी १८६० च्या दशकात सागासाठी मेळघाटचे जंगल राखीव करायला घेतले, तेव्हाच पहिली किल्ली फिरली. व्याघ्र प्रकल्पाने ते कुलूप घट्ट केले. शेतातही बदल झाला. कोदो, कुटकी आणि सावा यांची जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीन बाजारात जाते, ताटात येत नाही. रेशनच्या गहू-तांदळाने पोट भरते, परंतु वर्षाच्या बाळाला लागणारी डाळ, तेल आणि अंडे त्यातून मिळत नाहीत.

मुले मरत असताना वाघावर पैसा कशाला, असा प्रश्न रागाने विचारला जातो. तो राग मी समजू शकतो. पण सिपना, गडगा, खापरा, डोलार या नद्या याच डोंगरांतून तापीला मिळतात. जे जंगल वाघाच्या नावाने राखले गेले त्याच जंगलात आज मोह आहे, चारोळी आहे, विहिरींना पाणी आहे. ते तोडून भूक शमणार नाही, उलट पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट होईल. शिवाय आजारी बाळ दगावते ते पुष्कळदा पुरात रस्ता तुटल्यामुळे, डॉक्टर जागेवर नसल्यामुळे. व्याघ्र प्रकल्पाचा निधी कापला म्हणून तो डॉक्टर जागेवर येत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आणि माझ्या मते अधिक वजनदार आहे. लोकसंख्या वाढली आहे, बाजार दाराशी आला आहे, लोकांच्या हाती हक्क दिले तर जंगल उरणार नाही, असे अनेक प्रामाणिक वनाधिकाऱ्यांना वाटते. गाभा क्षेत्राला शांतता लागते हे मला मान्य आहे, आणि सगळीकडे सगळे खुले करा असे मी म्हणत नाही. पण नुसत्या पहाऱ्याने काय होते ते राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पाने दाखवले. २००५ च्या सुमारास तिथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा नेमलेल्या, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृती दलाने भोवतालच्या गरिबांना सोबत घेतल्याशिवाय वाघ वाचणार नाही असेच बजावले. उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीर या कोरकू गावाला २०१२ साली सुमारे १९३ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर झाडे लावली, तोड थांबवली, स्वतःच्या नियमांनी राखण केली, सीताफळ स्वतः विकले. कामासाठी गाव सोडून जाणे कमी झाले आणि २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. एका गावावरून सगळा मेळघाट मोजता येत नाही, हे खरे. पण हक्क म्हणजे तोड, हे समीकरण मोडायला एक गाव पुरते.

मग पुनर्वसन का नको, असे कोणी म्हणेल. ज्या कुटुंबांना शाळा, रस्ता आणि दवाखान्यासाठी खरोखर बाहेर यायचे आहे त्यांना अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र जंगलातून हलवून अकोट भागात वसवलेल्या काही गावांतले लोक जंगलात परत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात त्यांची वन कर्मचाऱ्यांशी चकमक झाली, हे विसरून चालणार नाही. जखमा दोन्ही बाजूंना झाल्या. कुटुंबामागे ठरलेली रक्कम खात्यात जमा होते आणि दोन-तीन वर्षांत संपते. जमीन, पाणी आणि जवळचे आरोग्य केंद्र नसेल, तर जंगलातली भूक फक्त सपाटीवर येते.

नवा कायदा मी मागत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ व्ही या कलमात, २००६ च्या दुरुस्तीने, व्याघ्र संवर्धन आराखडा करताना तिथल्या लोकांची शेती, उपजीविका आणि विकासाचे हित राज्याने सांभाळावे असे लिहिलेले आहे. उद्या सकाळच्या सत्रात येणारा ठराव या एका वाक्यावर उभा आहे. प्रत्येक आराखड्यात अन्नाचे प्रकरण असावे, त्यात कोणत्या गावात कोणत्या महिन्यात घरात काय शिजते आणि त्यातले जंगलातून काय येते याची नोंद असावी. अंगणवाडीतल्या जून ते सप्टेंबरच्या वजनांचा तक्ता व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांच्या टेबलावर यावा. जिथे फोन लागत नाही तिथे संरक्षण कुटीतले बिनतारी यंत्र आणि वनखात्याची गाडी आजारी बाळासाठी मिळावी. आणि मोहाच्या जाळ्यांची खरेदी मार्चअखेरच्या हिशेबात अडकू नये. फूल फेब्रुवारीच्या शेवटी गळायला लागते, जाळ्या त्याआधी गावात हव्यात.