बाबांसाठी सायकल: सरळ हँडलची आणि बजेटातली

आज लॅपटॉप, ॲप, इंटरव्ह्यू यातलं काहीच नाही. आजचा भाग सायकलवर आहे, आणि तोही एका विशिष्ट सायकलवर. चाकं रोड बाइकसारखी मोठी आणि बारीक, वजन बऱ्यापैकी कमी, पण हँडल सरळ. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं नाही. हिला फ्लॅट-बार रोड बाइक म्हणतात. टायर जरा जाड असला आणि बसणं जरा ताठ असलं की तिचीच हायब्रिड होते. आपल्या मीरा-भाईंदरच्या दुकानांत दोन्हींना सरसकट हायब्रिडच म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणणार आहे.

निमित्त बाबांचं. बाबा एकोणसाठचे. शुगर वाढली, डॉक्टरांनी रोजचा व्यायाम सांगितला, आणि चालायचा त्यांना मनापासून कंटाळा. म्हणाले, "सायकल घेऊ. पण पैसे माझे." बजेट २५ हजार, त्यात मी एक रुपया घालायचा नाही. मला काळजी वेगळीच होती. पहिल्या महिन्यात मान नाहीतर मनगट दुखलं, की ती सायकल पार्किंगमध्ये गेली म्हणून समजा. आमच्या सोसायटीत २०२० च्या लॉकडाऊननंतर हौसेनं घेतलेल्या सायकली ओळीनं उभ्या आहेत, टायर बसलेले, चेन लाल झालेली. त्या ओळीत अजून एक नको होती, कारण बाबा दुसरी संधी देणारा माणूस नाही.

तर आधी, सरळ हँडलच का? मान आणि पाठ हे एक कारण झालंच. शिवाय काशिमीऱ्याच्या सिग्नलला किंवा गोल्डन नेस्टच्या चौकात रिक्षा कधीही आडवी येते, तिथे बोटं कायम ब्रेकवर हवीत. पण खरं कारण पैशांचं आहे, आणि ते दुकानात कोणी सांगत नाही. वळलेल्या हँडलच्या सायकलला ब्रेक आणि गियर एकाच मुठीत बसवलेले असतात. तो पार्ट महाग असतो. सरळ हँडलचे ब्रेक-गियर त्या मानानं स्वस्त. म्हणजे तेवढ्याच पैशांत वळलेल्या हँडलची सायकल घेतली, तर कंपनीनं दुसरीकडे कुठेतरी हात आखडता घेतलेला असणार. २५ हजारांच्या आत तर हे फार जाणवतं. तोटाही सांगतो. सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा मिळते, त्यामुळे तास-दीड तासानं तळवे बधिर होतात. त्यावर हँडलच्या टोकांना लावायचे छोटे बार मिळतात, स्वस्त असतात, लावून टाका.

आता दुकान. पहिलं वाक्य सगळीकडे तेच: "दादा, एकवीस गियर आहेत, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क." तीन गोष्टी, आणि तिन्ही बघून भुलायचं नाही.

गियरचा हिशोब करून बघू, मला तो आवडतो. समजा पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ११ पासून ३२ पर्यंत आठ. झाले चोवीस. टायर ३५ मिलिमीटरचा असेल तर चाकाच्या एका फेरीत सायकल साधारण २.१७ मीटर पुढे जाते. सगळ्यात जड गियर, ४८ ला ११, आणि मिनिटाला ८० वेळा पायडल: वेग निघतो ताशी ४५ किलोमीटर. मीरा रोडला इतक्या वेगात कारसुद्धा जात नाही! सगळ्यात हलका, २८ ला ३२, मिनिटाला ७०: ताशी ८. चौकच्या चढावर हाच कामाचा. आणि पुढे ३८, मागे १८, मिनिटाला ७५ म्हणजे ताशी वीस-साडेवीस. बाबांचा निम्म्याहून जास्त वेळ याच गियरवर जाणार. त्यामुळे गियर किती, हे विचारूच नका. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला दाते किती, ते विचारा.

सस्पेन्शनचं एका वाक्यात. या किमतीतला पुढचा सस्पेन्शन फोर्क म्हणजे जास्तीचं वजन आणि दोन स्प्रिंग, आणि आपल्या खाडीच्या खाऱ्या हवेत त्या लवकर जाम होतात. खड्ड्यांचं काम टायर करतो. ३२ ते ३८ मिलिमीटरचा टायर आणि त्यात बेताची हवा. साधा, न हलणारा फोर्क घ्या.

डिस्कबद्दल मात्र मी इतका ठाम नाही. रोज ऑफिसला, भर जुलैत, पाणी साचलेल्या रस्त्यानं जाणार असाल तर डिस्क घ्या. ओल्या रिमवर व्ही-ब्रेक आधी थोडा घसरतो, मग पकडतो. पण बाबा पावसाळ्यात बाहेर पडणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि स्वस्त डिस्क घासत राहते, सारखी अ‍ॅडजस्ट करावी लागते. व्ही-ब्रेकचं रबर कुठलाही पंक्चरवाला बदलून देतो.

मग पैसे कुठे जायला हवेत? मागच्या चाकात. हा भाग नीट ऐका. मागची गियरची चळत दोन प्रकारे बसवलेली असते. एक फ्रीव्हील, म्हणजे ती सगळी चळत हबवर आट्यांनी फिरवून बसवतात. यात चेनच्या बाजूचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा तेवढा तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. सहा-सात गियरला चालून जातं, पण माणूस ऐंशी किलोचा आणि रस्ता आपला असेल तर तो एक्सल वाकतो, कधी तुटतो. दुसरा प्रकार कॅसेट. यात बेअरिंग थेट बाहेरच्या टोकाला असतं, त्यामुळे एक्सलला आधार मिळतो. शिवाय पुढेमागे चकत्या झिजल्या तर बदलणं सोपं.

ओळखायचं कसं? एकवीस गियरची, म्हणजे मागे सात असलेली सायकल बहुतेक वेळा फ्रीव्हीलची निघते. मागे आठ असतील तर कॅसेटची शक्यता जास्त, पण खात्री नाही. दुकानातच पायडल उलटं फिरवा आणि मागच्या चकत्यांच्या मधोमध, एक्सलभोवती बघा. तिथली खाचांची रिंग चकत्यांसोबत फिरली तर कॅसेट. चकत्या फिरतायत आणि मधला भाग गप्प उभा आहे, तर फ्रीव्हील. दहा सेकंदांचं काम. एका दुकानदारानं मला "यूट्यूब बघून आलात वाटतं" असं ऐकवलं. ऐकून घ्यायचं.

शिमानोच्या नावांचीही एक शिडी आहे. टूर्नी, त्यावर आल्टस, मग अ‍ॅसेरा, मग अलिव्हिओ. रोड बाइकची शिडी वेगळी: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, मग १०५. आपल्या बजेटात आल्टस मिळाला तर आनंद, टूर्नी असला तरी जीव जात नाही. अनेकदा मागच्या गियरवर चांगलं नाव आणि बाकी सगळं बिननावाचं असतं. नजर तिथेच जाते हे कंपन्यांना ठाऊक आहे. ट्रेकची एफएक्स, जायंटची एस्केप, स्पेशलाइज्डची सिरस ही याच घराण्यातली नामवंत मंडळी. एकदा चालवून बघा, म्हणजे चांगलं काय असतं ते हाताला कळतं. विकत घ्यायला पाहिजे असं नाही.

टायरवरून एक गंमत. बाबांच्या कॉलेजच्या काळात त्यांच्याकडे काळी अ‍ॅटलस होती, अठ्ठावीस इंची. (त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला.) आता हायब्रिडच्या ७००सी चाकालाही काही लोक अठ्ठावीस इंचच म्हणतात. पण जुन्या काळ्या सायकलची रिम ६३५ मिलिमीटरची आणि ही ६२२ ची. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून टायरच्या कडेला छापलेला आकडा बघा, ३५-६२२ असा काहीतरी, आणि तो फोनमध्ये लिहून ठेवा. त्या मापाची एक ट्यूब पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण उत्तनच्या रस्त्यावर पंक्चर झालं तर तिथे ती मिळेलच असं नाही. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर उत्तम, कुठेही हवा भरता येते.

माप. यावर मी दोन दुकानांत भांडलोय. बाबा साडेपाच फुटांचे, आणि दुकानात मोठी फ्रेम शिल्लक होती. "सीट खाली करून देतो ना!" सीट खाली करता येते हो, हँडल जवळ कसं आणणार? दांड्यावर पाय टाकून उभं राहिल्यावर खाली दोन-तीन सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे, आणि बसल्यावर कोपर थोडा वाकलेला हवा. हात ताणून सरळ झाले की मान दुखणार, म्हणजे पार्किंगची ओळ. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळ्यांवर पाणी सोडायला तयार होतो.

सेकंडहँडही बघितल्या. तिथे एक लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. विकणारा जुनं बिल दाखवून भाव सांगत असेल, तर आधी त्याच सायकलची आजची किंमत बघा. बिल आणि फ्रेम नंबर जुळवा, चाक उचलून फिरवा. थोडं आऊट असेल तर सायकलवाला काढून देतो, पण रिमला ठोका बसलेला असेल तर नको.

शेवटी घेतली ती नवीनच. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, साधा फोर्क, व्ही-ब्रेक, मागे आठची कॅसेट, ३५ चे टायर, लहान माप. २१ हजारांच्या आत बसली. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण नाव तेच ठेवून आतले पार्ट दर वर्षी बदलतात. राहिलेल्या चार हजारांत हेल्मेट, पुढे-मागे लाइट, कुलूप, पंप आणि मडगार्ड. मडगार्ड-कॅरियरसाठी फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का, तेही आधीच बघून घ्या.

आता दोन महिने झाले. बाबा सकाळी सहाला निघतात, भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनपर्यंत. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की वळायचं, असं त्यांचं गणित आहे. खारं वारं असल्यामुळे दर रविवारी चेन पुसून तेल घालणं माझ्याकडे. मनगटाची एकदा तक्रार झाली, हँडलला ते छोटे बार लावले, थांबली. परवा त्यांनी विचारलं, "वसईच्या रो-रो बोटीत सायकल घेतात का रे?" २०२४ ला सुरू झालेली ती भाईंदर-वसई बोट. म्हटलं, घेतात, पण तुम्ही एकटे नाही जायचं. त्यावर ते काही बोलले नाहीत. स्टँड आणि घंटी मात्र त्यांनी स्वतः घासाघीस करून फुकट बसवून घेतली.

चला, पुढच्या भागात पुन्हा लॅपटॉप. भेटू!