घाण्यापासून मलिद्यापर्यंत

रायगड जिल्ह्यातल्या अलिबागजवळ नवगाव आहे. गलबत फुटल्यावर आपले पूर्वज याच किनाऱ्याला लागले, असं बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कोकणात त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, दिवेकर.

पुढे सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभारलं. पण मला वाटतं, हा धर्म खरा टिकला तो घरात. त्याची खूण म्हणजे मलिदा. लग्नाआधी किंवा नवस फेडताना मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. भोवती सगळं कुटुंब बसतं, हिब्रू प्रार्थना होते, एलियाहू हनाबी म्हणजे संदेष्टा एलिया यांचं स्मरण होतं आणि मग प्रसाद वाटला जातो. पोरं हे सगळं आजीच्या शेजारी बसूनच शिकतात!

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथं त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली, हे फार क्लेशदायक होतं. समाजानं आंदोलन केलं, आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारनं त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं. आजही तिथं मलिद्याचं ताट मांडलं जातं आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही या मंडळींनी तिथं चालवलं.