टाचदुखी: कारणे आणि उपचार

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. पावलाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणून धरतो. या पट्ट्यावर सतत ताण आला, की टाच दुखू लागते. सकाळी उठल्यावरची पहिली काही पावले सर्वांत जास्त दुखतात. थोडे चालल्यावर कळ कमी होते. हा त्रास ४० ते ६० या वयात अधिक आढळतो. वाढलेले वजन, कडक फरशीवर तासन् तास उभे राहणे, पातळ तळाच्या चपला आणि आखडलेल्या पोटऱ्या यांमुळे तो बळावतो. एक्स-रेमध्ये कधी टाचेचे हाड वाढलेले दिसते. पण दुखण्याचे मूळ बहुधा ते नसते.

पोटरी आणि तळवा ताणण्याचे रोजचे व्यायाम हा मुख्य उपचार. जोडीला मऊ, जाड तळाची पादत्राणे घरातही वापरावीत आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा मिनिटे शेकावे. बहुतेक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तात्पुरता आराम पडतो. मात्र त्याने पट्टा कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. मधुमेह असल्यास, किंवा टाचेला सूज, बधिरपणा वा सोबत ताप असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.