गवती चहाचं तेल
ऊर्ध्वपातनाची आकृती मला कधी जमली नाही; सरांना आठवत असेल.

किल्लारीत भूकंपानंतरच्या शेडचे पत्रे टाकून मी गवती चहाचं तेल काढू लागलो. पहिली टाकी लोखंडी. तेल काळपट यायचं, व्यापारी परत करायचा. मग कर्ज काढून स्टेनलेस स्टीलची टाकी वेल्ड करून घेतली. तेल पिवळंधम्मक!

पण २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझ्या कंडेन्सरचं पाणी नालीत जात होतं. आई म्हणाली, “लोक घागरीसाठी भांडायलेत, अन् तू वाफ थंड करायलास?” भट्टी विझवली. हप्ते थकले.

आता तेच पाणी हौदात निवतं, पुन्हा नळीत फिरतं. नुसती भर घालावी लागते.

बाटली आणलीय. वास घ्या, पण झाकण लावा.