राष्ट्रभक्ती, रांग आणि स्वमग्न मूल

(केंद्रातील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



आपल्या परिषदेत वाचन, गणित, पटनोंदणी हे विषय नेहमी निघतात. आज मी एक निराळा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. स्वातंत्र्यदिनानंतरच्या एका शाळाभेटीत एका शिक्षकांनी मला विचारले, "साहेब, आमच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. ध्वजवंदनाला तो रांगेत उभा राहत नाही. राष्ट्रगीत सुरू झाले की कानांवर हात ठेवतो. अशा मुलांना देश, शाळा, आपली माणसे यांविषयी काही वाटते तरी का?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःत बुडालेला. जो स्वतःतच बुडालेला, त्याला इतरांचे काय, असे आपले मन लगेच अनुमान काढते. इंग्रजी शब्दही 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेला आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. परंतु नाव म्हणजे निदान नव्हे आणि निदान म्हणजे संपूर्ण मूल नव्हे. यातील पुष्कळ मुलांना आवाज, गर्दी, स्पर्श यांचा त्रास आपल्याहून कितीतरी अधिक होतो. ती शब्दांचा अर्थ शब्दशः घेतात आणि इतरांच्या चेहऱ्यावरील न बोललेली सूचना त्यांना सहज उमगत नाही. मनात भाव नसणे ही गोष्ट यांहून अगदी वेगळी आहे.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी शिक्षक होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. स्वमग्नता हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता. आज मागे वळून पाहता त्याची लक्षणे तीच होती असे वाटते. ढोल वाजला की तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. एका प्रजासत्ताकदिनी मी त्याला हाताला धरून रांगेत ओढले आणि सर्वांदेखत म्हणालो, "देशासाठी दोन मिनिटे उभे राहवत नाही तुला?" तो काही बोलला नाही. थरथरत मात्र होता.

पुढे माझ्या लक्षात आले की परिपाठाच्या वेळी तो प्रतिज्ञाही म्हणत नाही. ओठ मिटून उभा असतो. मी कारण विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, मला एकच बहीण हाये. सगळे भाऊबहीण हायेत असं म्हणलं तर खोटं व्हतंय." वर्ग हसला. मलाही हसू आले. परंतु सायंकाळी विचार करता ध्यानात आले की, प्रतिज्ञेचा अर्थ मनावर घेऊन थबकणारा तो वर्गातला एकटाच होता. इतर मुले ती पाढ्यासारखी म्हणत होती आणि मीही तशीच म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला समजावले, "येथे भाऊबहीण म्हणजे एका आईची लेकरे नव्हेत. ज्यांना आपण घरच्यासारखे वागवायचे ठरवले आहे, ती सर्व माणसे." त्याने पुष्कळ वेळ विचार केला आणि त्यानंतर तो प्रतिज्ञा म्हणू लागला.

गोष्ट येथे संपती तर बरे झाले असते. त्या वर्षी गळीत हंगामात गावाजवळ ऊसतोड मजुरांचा तळ पडला होता. तळावरची दोन मुले शाळेत येऊन बसत. पटावर त्यांची नावे नव्हती, म्हणून मी त्यांना दाराजवळ, बसकरपट्टीच्या बाहेर बसवीत असे. एके दिवशी प्रतिज्ञा संपताच हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ही दोघं भाऊ हायेत तर खाली का बसत्यात?" वर्ग या खेपेस हसला नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून ती मुले बसकरपट्टीवर बसली. ज्याला मी देशाविषयी बेपर्वा ठरवले होते, त्याने देशाचा अर्थ मला शिकवला, हे आज कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

बंधूंनो, एका मुलावरून सर्वांचा सिद्धांत बांधू नये. म्हणून अभ्यासक काय म्हणतात तेही पाहू. २०११ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना सेवाकार्यास देणगी देण्याची संधी दिली. कधी एकांतात, तर कधी कोणी पाहत असताना. सामान्य माणसे कोणी पाहत असले म्हणजे अधिक वेळा देणगी देत. स्वमग्न प्रौढांच्या वागण्यात मात्र पाहणाऱ्यामुळे फरक पडला नाही. प्रयोगातील माणसे थोडी होती, हे खरे. तरीही आपल्या प्रश्नावर तो चांगला प्रकाश टाकतो. समूहनिष्ठेत दोन धागे असतात. एक ममत्वाचा आणि दुसरा लोकांच्या नजरेचा. सर्व उभे राहिले म्हणून आपण उभे राहतो, सर्वांनी जयघोष केला म्हणून आपलाही आवाज चढतो. हा दुसरा धागा पुष्कळ स्वमग्न व्यक्तींत सैल असतो. तो सैल आहे म्हणून पहिलाही तुटलेला आहे, असे मानणे ही आपली चूक.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची असून स्वमग्न तरुणांना तीतून सूट मिळते. तरीही सेवेची इच्छा असणाऱ्या अशा तरुणांसाठी २०१३ पासून तेथे एक उपक्रम चालतो आणि हवाई छायाचित्रांच्या बारकाईच्या तपासणीसारखी कामे ते स्वेच्छेने करतात. त्या देशाच्या राजकारणाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. सूट असतानाही आपल्या लोकांत सामील होण्याची ओढ असू शकते, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

तथापि दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. प्रत्येक स्वमग्न मूल सत्यवादी आणि निःस्वार्थी असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काहींना ध्वज, गीत, जयघोष या प्रतीकांचे फारसे काही वाटत नाही. आपली विहीर, आपली एस.टी., आपले गुरुजी एवढाच त्यांचा देश असतो. काहींना ध्वजाचे नियम तोंडपाठ असतात आणि एक चूक झाली तरी ती अस्वस्थ होतात. काही मुले तर मित्र मिळावा म्हणून इतकी आतुर असतात की, "आमच्यात यायचे असेल तर हे कर," असे सांगून टवाळ पोरे त्यांच्याकडून नको ते करवून घेतात. तेव्हा समूहाची ओढ त्यांना नसते असे नाही. समूहात शिरण्याची वाट कोणी दाखवलेली नसते. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ साली मांडले की, ही न समजण्याची अडचण दुहेरी असते. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत.

आता आपण शाळेत काय करावे?

पहिली गोष्ट, निदान करणे आपले काम नव्हे. शंका आली तर पालकांशी आपुलकीने बोलावे आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस दिव्यांगता आहेत, त्यांत स्वमग्नता आहे.

दुसरी, समारंभाची पूर्वकल्पना द्यावी. आधी काय, नंतर काय, राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत संपते, हे आदल्या दिवशी सांगावे. शक्य तर रिकाम्या मैदानावर एकदा फिरवून आणावे.

तिसरी, जागा विचारपूर्वक द्यावी. रांगेच्या टोकाला, ध्वनिक्षेपक व ढोलताशापासून दूर, ओळखीच्या मुलाशेजारी. कानांवर हात ठेवले तर ठेवू द्यावेत.

चौथी, काम द्यावे. ध्वजाची दोरी तपासणे, खडूने रांगेच्या रेषा आखणे, फुले मोजून ठेवणे. ज्याला उभे राहणे जमत नाही, त्याची निष्ठा कामातून दिसेल.

पाचवी, अनादराचा शिक्का मारू नये. चित्रपटगृहातील राष्ट्रगीताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये स्वमग्न व्यक्तींना आपल्या आदेशातून स्पष्टपणे वगळले होते. पुढे जानेवारी २०१८ मध्ये तेथे राष्ट्रगीत वाजवणेच ऐच्छिक ठरले. जी सवलत न्यायालयाने दिली, ती आपण आठ वर्षांच्या मुलाला नाकारावी काय? शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहेच.

सहावी आणि महत्त्वाची गोष्ट इतर मुलांना शिकवण्याची आहे. "तो वेगळा उभा राहतो, तरी तो आपलाच आहे," हे वर्गाने म्हणावे. समूहाशी एकनिष्ठ राहण्याचे धडे आपण त्या एका मुलाला देतो. समूहानेही त्याच्याशी एकनिष्ठ राहिले पाहिजे, हे मात्र विसरतो.

ज्या शिक्षकांनी मला प्रश्न विचारला, त्यांना मी त्या दिवशी इतकेच म्हणालो की, त्या मुलाला काय वाटते हे त्यालाच विचारून पाहा, आणि उत्तराला वेळ द्या. येत्या प्रजासत्ताकदिनी आपल्यापैकी कोणाच्या शाळेत एखादे मूल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, तर त्याला ओढू नका. समारंभ झाल्यावर त्याच्याजवळ बसा. मी ते तीस वर्षांपूर्वी केले नाही. आपण करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.