माझ्या गावचं स्टेशन
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



वडखळ म्हटलं की लोकांना नाका आठवतो. एक रस्ता गोव्याकडे, दुसरा अलिबागकडे. रेल्वे पकडायची तर आपण पेणला जातो. थळच्या खत कारखान्याची मालगाडी आहे, पण तिच्यात माणसांना जागा नाही. माझ्या गावाची गोष्ट उलटी. तिथे स्टेशन आहे, गाडी नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या लाडखेडचा. आमच्या गाडीचं लाडकं नाव 'शकुंतला'. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. रूळ अरुंद, अडीच फुटांचे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला न्यायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली. देशातली रेल्वे सरकारी झाली, तरी ही मात्र खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने! मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं.

पुढे स्टेशनांवर कर्मचारी उरले नाहीत. गार्डच तिकीट द्यायचा, उतरून फाटकही लावायचा. वेग ताशी वीसेक किलोमीटर. मी नोकरीसाठी इकडे निघालो तेव्हा वडील गाडीबरोबर चालत, बोलत फलाटाच्या टोकापर्यंत आले. "पत्र टाकजो बापू," एवढंच शेवटी ऐकू आलं.

आता वडीलही नाहीत, गाडीही बंद. मध्यंतरी मुलीला घेऊन गेलो. रुळांत गवत माजलेलं, तिकीटखिडकी बुजलेली. तिने विचारलं, "बाबा, इथे खरंच गाडी यायची?" मला दाखवायला काहीच नव्हतं. एक तिकीटसुद्धा मी जपलं नाही, वडिलांना टाकलेली पत्रंही राहिली नाहीत.

म्हणून एक विनंती. आपण पंचवीस वर्षांपूर्वी गावोगावहून इथे आलो. इथे जन्मलेल्या मुलांचं गाव म्हणजे हीच सोसायटी. पहिल्या सभेचं इतिवृत्त, पहिल्या गणपतीचा फोटो, पाण्यासाठी लावलेल्या रांगा, हे सगळं एका वहीत उतरवू या. प्रत्येक घराने एक पान लिहावं. पहिलं पान मी सेक्रेटरींकडे आजच देतो.